योद की वाव

तोरा मिरवणं म्हटलं की आपल्याला नाक वर करून चालणारी एखादी जाऊबाई आठवते. यहुदी मंडळींत मात्र तोरा खरोखरच मिरवतात. तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ. चामड्याच्या पानांवर पिसाच्या लेखणीनं सगळा हाताने लिहायचा, पानं एकमेकांना शिवायची आणि त्यांची दोन दांड्यांवर गुंडाळी करायची. नवा तोरा पूर्ण झाला की त्याला छातीशी धरून, गाणी म्हणत प्रार्थनाघरात नेतात. असाच एक नवाकोरा तोरा येत्या रविवारी मिरवायचा होता, हार-फुलांपासून भटारखान्यापर्यंत सगळी तयारी झाली होती, आणि गुरुवारी दुपारी तो एका अक्षरापाशी अडला.

ते अक्षर सापडलं रेघाताईला. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त बँकेला ठाऊक होतं. तिचे वडील तोरा लिहिणारे लेखनिक, आणि त्यांच्या चामड्यावर बिनशाईच्या रेघा आखायचं काम लहानपणापासून हिच्याकडे. तोऱ्याच्या लिपीतली अक्षरं रेघेवर बसत नाहीत, आपल्यासारखीच रेघेखाली लटकतात. म्हणजे रेघ चुकली की सगळं घर तिरपं. शाई उकळणं, पिसं तासणं, पानं शिवणं, सगळं तिच्याच हातचं. रद्दी तुकड्यांवर तर ती अशी अक्षरं काढी की बघणाऱ्याने बापाचं कौतुक करावं. तोऱ्यात मात्र तिचं एक अक्षर नव्हतं.

"बायकांनी तोरा लिहायचा नाही," बाबा म्हणत. का, असं विचारलं की "नाही म्हणजे नाही," म्हणत. फारच खोदून विचारलं तर जुन्या ग्रंथातली नेमकी जागा काढून दाखवत. त्यांना जागा माहीत होती, एवढं त्यांच्या पदरात टाकलंच पाहिजे.

गंमत अशी की अडून बसलेले ते एकटेच होते. आपल्या धर्मात बदलाला वाव आहे का, या विषयावर त्या प्रार्थनाघराच्या सभेत दर वर्षी खुर्च्या सरकत आणि चहा गार होई. पण भांडून भांडून का होईना, मंडळी पुढे सरकली होती. बायका तिथे तोरा वाचत, प्रार्थनेला लागणाऱ्या दहा माणसांत त्यांची मोजणी होई. रब्बी (म्हणजे धर्मगुरू, पिकाचा हंगाम नव्हे) तरुण होते. त्यांनी महिनाभर ग्रंथ पालथे घातले आणि सभेत उभं राहून सांगितलं, "आपल्या प्रार्थनाघरापुरतं सांगतो, रेघाताईंनी लिहिलेलं मला चालेल. का चालेल तेही दाखवतो." सभेने मान डोलावली. बाबांनी तेवढी हलवली नाही.

"माझा हात थकला तर दुसऱ्या गावचा लेखनिक बोलवा," ते म्हणाले. "परका चालेल. रीत मोडलेली चालणार नाही."

ते 'परका चालेल' रेघाताईच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी तिने तासलेली सगळी पिसं वाकडी निघाली.

हात थकलेलाच होता. सकाळी पेला उचलताना चहा बशीत सांडे. शेवटचं पान त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून लिहिलं. दर वेळी देवाचं नाव आलं की थांबायचे, "पवित्र नावासाठी लिहितो," असं मोठ्याने म्हणायचे आणि मगच लेखणी टेकवायचे. पान संपलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलून लहान मुलासारखे हसले. "झालं बघ. अथपासून इतिपर्यंत एक हात," ते म्हणाले. रेघाताईला खरंच आनंद झाला. मनात कुठेतरी एक दार लागल्याचा आवाजही झाला, पण तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

आता तपासणी. यात बाबा जुनाट नव्हते. सुटलेलं अक्षर मशीनच्या नजरेतून निसटत नाही हे त्यांना पटलेलं होतं. रेघाताईने शेवटच्या पानाचे फोटो काढले, कॉम्प्युटरला दिले, आणि पडद्यावर एका अक्षराभोवती लाल गोल उमटला.

योद हे त्यांचं सगळ्यात लहान अक्षर. रेघेला टांगलेला जणू एक स्वल्पविराम. त्याचाच पाय लांबवला की वाव होतो. इथे हवा होता योद, पण हात थरथरून त्याची शेपटी खाली ओघळली होती. एरवी असं झालं तर पात्याने खरवडायचं, नव्याने लिहायचं. पण हा योद देवाच्या नावातला होता. देवाच्या नावातला कणसुद्धा खरवडायचा नाही, हा नियम कोणत्याही सभेत निघाला तरी बदलत नसतो. अक्षर योद ठरलं तर पान तरलं. वाव ठरलं तर अख्खं पान बाद, आणि बाद पान माणसासारखं जमिनीत पुरायचं. नवं पान लिहायला बाबांचा हात आता पुरणार नव्हता. म्हणजे मग एक तर परका, नाही तर ती.

पडदा मिटून टाकावा, असं तिला वाटलं. चांगले दोन-चार श्वास वाटलं. मग ती बाबांना हाक मारून मोकळी झाली.

बाबांनी भिंग लावून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. "तुला काय दिसतं?"

"माझं दिसणं धरू नका, बाबा. माझा त्यात स्वार्थ आहे."

बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि रब्बींना फोन लावला.

रब्बी हेल्मेट काखोटीला मारून हजर झाले. पान पाहिलं, पडदा पाहिला, दाढी खाजवली. "शंका काढायचा मशीनला हक्क आहे," ते म्हणाले, "निकाल द्यायचा नाही. आणि काका, आपल्यालाही नाही. तिथे योद हवा हे आपल्याला पाठ आहे, म्हणून आपल्याला योदच दिसणार. नियम जुना आहे. लहान मूल आणायचं. अक्षरं ओळखणारं, पण अर्थ न कळणारं. फार हुशार नको, ढही नको. ते म्हणेल ते."

आता असं मूल कुठून आणायचं? गावात ढ मुलं पुष्कळ सापडतील, पण आपलं मूल बेताचं आहे असं कबूल करणारी आई दाखवा. रब्बींनी मंडळींच्या फोनवरच्या ग्रुपवर निरोप टाकला, "मध्यम बुद्धीचं मूल तातडीने हवं," आणि जो गहजब झाला तो काही विचारू नका. निम्म्या घरांतून उत्तर आलं की आमचा फार हुशार आहे, उरलेल्यांनी ग्रुप सोडला.

शेवटी दातांची डॉक्टरीणबाई आपल्या मुलाला घेऊन आली. पोरगा चुणचुणीत. त्याने वाकून अक्षर पाहिलं आणि ठणकावून सांगितलं, "हे अवतरणचिन्ह आहे. अर्धं."

"याला अक्षरं येत नाहीत," रब्बी हळूच म्हणाले.

"म्हणजे माझा मुलगा ढ?"

"तसं नव्हे, ताई..."

"मग हुशार आहे म्हणून नको?"

रब्बींनी ग्रंथांत पुष्कळ उत्तरं वाचली होती, पण याचं त्यांत नव्हतं. डॉक्टरीणबाई मुलाचा हात धरून तरातरा निघून गेली. तिच्या दवाखान्यात पुढचं वर्षभर आपल्याला भूल मिळणार नाही, हे रब्बींनी मनाशी धरून ठेवलं.

बाबा मात्र हसले नाहीत. "मुलांना अक्षरंच येत नसतील," ते म्हणाले, "तर मी हे कुणासाठी लिहिलं?" एवढा खचलेला आवाज रेघाताईने त्यांचा कधी ऐकला नव्हता.

तेवढ्यात दारात बेकरीवाली उभी. हाताला पीठ, आणि कडेला न मावणारी तिची पिटुकली. "मधलं मूल हवंय म्हणे. ही घ्या. शाळेत हिची ना कधी तक्रार, ना कधी बक्षीस. माझी पोरगी अगदी मधली आहे." हे तिने इतक्या अभिमानाने सांगितलं की रब्बींनी तिला खुर्ची दिली.

"अक्षरं कुठे शिकलीस?" बाबांनी पिटुकलीला विचारलं.

"आईच्या फोनवर. बरोबर आलं की बेडूक उडी मारतो."

"बेडूक!" बाबा म्हणाले, आणि कपाळाला हात लावणार होते तो मध्येच थांबला, कारण पोरीने समोरच्या पानावर बोट न टेकवता भराभरा अक्षरं वाचायला सुरुवात केली होती, लामेद, मेम, शिन. एकही चुकलं नाही. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यांनी सरळ सर्वांदेखत बाहीला पुसलं.

आता खरं अक्षर. आजूबाजूचं काही दिसून मुलाला अंदाज येऊ नये म्हणून बाकीची अक्षरं कोऱ्या कागदाने झाकायची असतात. ते काम अर्थात रेघाताईचं. तिने वरचा कागद ठेवला, बाजूचे ठेवले. राहिला खालचा. खालच्या ओळीवर तो कागद सरकवताना तिचा हात अडखळला. कागद केसभर वर राहिला की शेपटी झाकली जात होती, आणि मग तिथे एक नीटस, गोंडस, निर्विवाद योद दिसत होता. कुणाला कळणार? रब्बी बेकरीवालीशी बोलत होते. बाबांचं पान वाचलं असतं, अथपासून इतिपर्यंत एक हात राहिला असता. आयुष्यभर ज्या खुर्चीवर तिचा डोळा होता ती खुर्ची तिला त्या क्षणी नकोशी झाली. तिला फक्त त्यांचं ते हसू हवं होतं. तिने कागद केसभर वर ठेवला आणि हात काढून घेतला.

"ये, बाळ," रब्बी पिटुकलीला म्हणाले.

"थांब," बाबा म्हणाले.

ते टेबलापाशी आले. भिंग घेतलं नाही की चष्मा सारखा केला नाही. "रेघा," ते शांतपणे म्हणाले, "कागद खाली घे."

तिचे कान लाल झाले. तिने कागद खाली घेतला. शेपटी उघडी पडली.

पिटुकलीने मान तिरकी केली, सरळ केली.

"वाव," पिटुकली म्हणाली.

"नक्की?" बेकरीवालीच्या तोंडून निघून गेलं.

"वावच आहे. पाय आहे ना त्याला." तिने हवेत बेडकाची वाट पाहिली. तो काही आला नाही.

एका अक्षराने पान गेलं. रब्बींनी मान खाली घातली, आणि मग राहवलं नाही म्हणून हळूच पुटपुटले, "काका, दर वर्षी सभेत आपण विचारतो, धर्मात वाव आहे का. आता पोरगीच म्हणते..."

"रब्बी," बाबा म्हणाले, "विनोद तोऱ्यासारखा असावा. एकेक अक्षर तपासून काढावा."

पण आवाजात राग नव्हता. त्यांनी पिटुकलीच्या डोक्यावर हात ठेवला, तो थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. मायलेकी गेल्या. रब्बी रविवार पुढे ढकलल्याचं कळवायला फोन घेऊन बाहेर गेले. खोलीत बापलेक उरले.

"बाबा, मी कागद..."

"मी पाहिलं."

"तुमच्यासाठी केलं."

"तेही पाहिलं. म्हणून तर ओरडलो नाही." ते पानाची गुंडाळी करू लागले, हलक्या हाताने. "त्या एवढ्याशा पोरीच्या नजरेवर माझं पान गेलं आणि मी हूं की चूं केलं नाही. नियम आहे म्हणून मानलं. ती फोनवर शिकली, बेडकाकडून शिकली, तरी मानलं. आता तुझ्या हाताला नाही म्हणायला मी कुठल्या तोंडाने उभा राहू? ग्रंथातली ती जागा मला अजून पाठ आहे, रेघा. पण रब्बींनी दाखवलेल्याही जागा आहेत. मी त्या उघडून बघत नव्हतो, कारण माझा स्वार्थ होता. मला वाटे, माझ्यानंतर कुणी नसलं की माझं नाव राहील. केवढा मूर्खपणा!"

रेघाताईला हुंदका आला, आणि तिने तो येऊ दिला.

"रडून घे. चामड्यापासून लांब उभी राहून रड," बाबा म्हणाले. त्यांनी फळीवरून कोरं चामडं काढलं. रेघा आधीच आखलेल्या होत्या, तिच्याच. मग ते आपल्या खुर्चीतून उठले, भिंतीशी रेघा आखणाऱ्याचं जे बुटकं स्टूल होतं ते ओढून घेतलं आणि गुडघे कुरकुरवत त्यावर बसले.

ती खुर्चीवर बसली. लेखणी शाईत बुडवली. नावाची जागा आली तेव्हा थांबली, आणि म्हणाली, "पवित्र नावासाठी लिहिते." या खोलीत ते क्रियापद पहिल्यांदाच असं उच्चारलं गेलं. बाबांनी ओठ हलवून ते एकदा म्हणून पाहिलं.

"चालतंय," ते म्हणाले. "आणि एक सांगून ठेवतो. उद्या तुझ्या अक्षरावर शंका आली आणि पोर बोलवावं लागलं, तर खालचा कागद मी धरणार. माझा हात थरथरतो. काहीएक झाकलं जाणार नाही."