वर्षाचा तांदूळ

शेवटचं पोतं छपराखाली बसेना, तेव्हा त्यानं खांदा लावून ते आत रेटलं आणि शिडीवरून खाली उतरला. गोदामात आता मुंगी शिरायलाही जागा नव्हती. घर गहाण टाकून, किलोला सत्तरच्या चढ्या भावानं हा तांदूळ भरला होता. तरी त्याला धास्ती नव्हती. सौदा वडिलांच्या नाकावर विसंबून केला होता.

दुकान मुलाच्या हाती देऊन वडील कधीचे घरी बसले होते. पण वर्षातून एकदा, सुगी सरता सरता, घरचा वर्षाचा तांदूळ घ्यायला ते स्वतः बाजारात यायचे. मुलाच्या दुकानातून कधीच घेत नसत. घरचा माल कुणाला वाईट लागत नाही, म्हणायचे. ते घेतील त्या दिवसाहून स्वस्त तांदूळ पुढच्या सुगीपर्यंत मिळायचा नाही, हे सगळ्या बाजाराला पाठ होतं.

यंदा त्यांनी पन्नासनं पाच पोती घेतली आणि भाव चढला. आठवड्यानं ते पुन्हा आले आणि पुन्हा पाच पोती घेऊन गेले. मग मात्र बाजाराच्या तोंडचं पाणी पळालं. म्हाताऱ्याला टंचाईचा वास आलाय! जो तो मिळेल तो तांदूळ उचलू लागला.

"घरात माणसं चार आणि पोती दहा," बायको म्हणाली होती. "मामंजींना विचारा तरी."

"त्यांना काय विचारायचं? काहीतरी कळलंय त्यांना," तो हसून म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी घर गहाण टाकून आला.

अंगावरची धूळ झटकत तो दुकानात येऊन बसतो न बसतो, तोच बाहेरचा गलका थांबला. वडील रस्ता ओलांडून येत होते. मागोमाग दलाल, व्यापारी, अख्खी गल्ली. आणि ते सरळ त्याच्याच पायऱ्या चढले.

"शेठ, वर्षाचा तांदूळ घ्यायचाय," ते म्हणाले. "यंदा राहूनच गेला बघा."

हशा पिकला. म्हाताऱ्याच्या तिरकस थट्टा सगळ्यांना ठाऊक होत्या. तोही हसला.

"घरी मुलगा आहे, पण त्याला यातलं ओ की ठो कळत नाही. म्हटलं, आपणच जावं."

लोक पोट धरधरून हसले. आता ते डोळा मिचकावतील म्हणून त्यानं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मिचकावला नाही. पहिल्यांदाच आलेल्या गिऱ्हाइकासारखे, जरा अवघडून, ते अनोळखी दुकानदारासमोर उभे होते. मग त्याला कळलं. टंचाई कुठेच नव्हती. वडील पहिली पाच पोती विसरले होते, दुसरी पाच विसरले होते, आणि आता त्याला.

"काय भाव लावता?"

हसणं थांबलं. सगळ्यांचे कान टवकारलेले. ऐंशी म्हटलं असतं, तरी संध्याकाळपर्यंत गोदाम नफ्यात रिकामं झालं असतं. पण मग वडील पुन्हा येतील, बाजार पुन्हा त्यांच्या मागे लागेल, आणि केव्हातरी कुणीतरी त्यांच्या डोळ्यांत नीट बघेल. पन्नास म्हटलं तर भाव कोसळेल, वडिलांच्या मागे कुणी फिरकणार नाही; पण घर जाईल.

"पन्नास."

"मोठ्यानं बोला, शेठ. या वयात कमी ऐकू येतं."

"पन्नास! हवा तेवढा घ्या, काका. यंदा तांदूळ भरपूर आहे."

दलालानं खिशातून फोन काढला. एकेक जण मागच्या मागे सरकला आणि मग पळतच आपापल्या दुकानाकडे सुटला. बघता बघता पायऱ्या मोकळ्या झाल्या.

वडिलांनी नमुन्याच्या ताटातले चार दाणे दाढेखाली फोडले आणि मान डोलावली.

"चोख माल आहे. अठ्ठेचाळीस करा."

"केले."

"पाच पोती बाजूला काढून ठेवा. मुलाला पाठवतो न्यायला." दोन पायऱ्या उतरून ते वळले. "साधा आहे हो तो. त्याला फसवू नका."

"नाही फसवणार," तो म्हणाला. "पाठवा."