डबल बेल

तिघांच्या गाड्या सुटल्या, काशीनाथकाकांची मात्र जागची हलेना.

रविवारची सकाळ होती. आम्ही चौघं आपापल्या घरी बसून मोबाईलवरच्या बसच्या गेममध्ये एकामागून एक गाड्या काढत होतो आणि सोबत ग्रुप कॉल चालू होता. सिद्धोधनची बस केव्हाच स्टँडबाहेर पडून वळणाला लागली होती. काका आपले फलाटावरच. इंजिन चालू, दार बंद, आणि गाडी ढिम्म.

"काका, गाडी हालंना का? नेट गेलं का तुमचं?" सिद्धोधननं विचारलं.

"नेट हाय," काका शांतपणे म्हणाले. "बेल न्हाई झाली अजून."

म्हातारा गंमत करतोय असं आम्हाला वाटलं. तेवढ्यात कॉलवर स्टीलच्या पेल्यावर चमचा मारल्याचा आवाज आला. ठण ठण. आणि काकांची गाडी हलली. सिद्धोधन इतका हसला की त्याची बस समोरच्या ट्रकवर जाऊन आदळली. त्यात नवल काही नव्हतं, तो न हसताही आदळायचा.

मी निवेदिता. परभणीत संगणकाचा क्लास चालवते आणि उरलेल्या वेळात या गेमसाठी रस्ते तयार करते. आमच्या ग्रुपचं नाव 'परभणी आगार', माणसं साठेक. कुणी औषधाच्या दुकानात, कुणी शाळेत शिपाई, सिद्धोधनचं पूर्णेला स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान. दिवसभर तिथं एकच विषय. नव्या आवृत्तीत पावसात वायपर चालतील का, लाल गाडीला खरा हॉर्न येईल का, प्रवासी नुसते पुतळ्यासारखे बसणार की दारात लटकणारही. हॉर्नवरून तर दोघं दोन दिवस भांडले आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देऊन मोकळे झाले. माझी आई म्हणते, एकोणतीस वर्षांची घोडी झालीस आणि अजून खेळण्यातल्या बशी पळवतेस. मी हो म्हणते आणि पुढची बस काढते.

परभणी ते जिंतूर हा रस्ता मी आठ महिने खपून उभा केला होता. झरी, बोरी, मधले फाटे, रसवंत्या, सगळं. त्याची पहिली कच्ची प्रत ग्रुपवर टाकली तेव्हा वाहवा झाली. अंगठे आले, फुलं आली. आणि एका अनोळखी नंबरवरून निरोप आला: 'बोरीच्या स्टँडवरचा लिंब तुम्ही उजव्या बाजूस लावला आहे. तो डाव्या बाजूस आहे. कळावे. काशीनाथ, निवृत्त चालक.'

मला राग आला. मग मी मुद्दाम बोरीला जाऊन पाहिलं. लिंब डाव्या बाजूलाच होता.

असे काका आमच्यात आले. मुलगा जीवन पुण्याला असतो, त्यानं मोबाईल पाठवला होता, त्यात हा गेम घालून दिला होता आणि आमच्या ग्रुपची लिंकही दिली होती. काकांचं चालवणं पाहण्यासारखं होतं, फक्त पाहणाऱ्याला वेळ हवा. मागं चिटपाखरू नसलं तरी वळताना सिग्नल देणार. समोरून गाडी आली की दिवे खाली करणार. आम्ही जिंतूरला पोचून चहा पिऊन यायचो तेव्हा काका झरी सोडत असायचे. आणि प्रत्येक थांब्यावर ती बेल. ती त्यांची बायको, सुमंगलाकाकू, वाजवायची. पोरं आधी हसली, मग कंटाळली आणि मग त्यांना सवय झाली.

रस्ता पूर्ण झाला. त्यावरची पहिली जाहीर फेरी सिद्धोधनच्या व्हिडिओ चॅनलवर सगळ्यांना थेट दाखवायची ठरली. चॅनल त्याचा, बघणारे त्याचे, तेव्हा गाडीही तोच चालवणार हे न बोलता ठरल्यासारखं होतं. त्याच संध्याकाळी मला काकांचा निरोप आला: 'पहिली फेरी मला मिळेल काय? नसल्यास हरकत नाही. कळावे.' चार महिन्यांत या माणसानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

मी सिद्धोधनला फोन केला. तो चिडला नाही, उलट समजुतीनंच बोलला. "ताई, काका लय चांगला माणूस हाय. पर सव्वा तास कोण बगंल? लोकं पळून जातील. तुमी आठ म्हैने घातलेत त्याच्यात, त्याचं काय?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझी आठ महिन्यांची मेहनत पहिल्याच दिवशी रिकाम्या बाकांसमोर दाखवायची माझी तयारी नव्हती. म्हाताऱ्या माणसाला फोनवर नाही म्हणणं बरं दिसत नाही म्हणून मी बोरीला त्यांच्या घरी गेले.

घर रस्त्याला लागूनच. काका ओट्यावर बसले होते, समोर पाटावर मोबाईल टेकवलेला. त्यांच्या डाव्या हाताला काकू, पुढ्यात स्टीलचा पेला उपडा. खुंटीवर इस्त्री केलेला खाकी शर्ट आणि त्याच्या खिशावर विनाअपघात सेवेचा बिल्ला. मी आधी चहा घेतला, मग हवापाण्याचं बोलले, मग सोयाबीनचं. मला सोयाबीनमधलं काही कळत नाही. काकांना मात्र सगळं कळलं.

"न्हाई जमत तर न्हाई जमत," ते म्हणाले. "त्याच्यासाठी एवढ्या उन्हात कामून आलात तुमी?"

मी विचारलं, पण तुम्हाला ही पहिलीच फेरी का हवी? नंतर रोज चालवाच की.

काकांनी रस्त्याकडे बघत सांगितलं. एकतीस वर्षं गाडी चालवली, निम्म्याहून जास्त याच रस्त्यावर. कुणाच्या कोंबडीलाही चाक लागलं नाही. निवृत्तीला सहा महिने उरले असताना डोळ्यांची तपासणी झाली. डाव्या डोळ्यात काचबिंदू निघाला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना आगाराच्या गेटवर बसवलं. त्यात कुणाचं चुकलं असं त्यांचं म्हणणं नव्हतं. चाळीस माणसांचा जीव पाठीशी असतो, बसवायलाच हवं. पण इतर ड्रायव्हर निवृत्त होतात तेव्हा त्यांच्या शेवटच्या फेरीला गाडीला हार घालतात, बायकापोरांना गाडीत बसवतात. काकांना ऑफिसात शाल आणि नारळ मिळाला आणि ते दुसऱ्याच्या गाडीतून तिकीट काढून घरी आले.

"पास व्हता की तुमाला," काकू मध्येच म्हणाल्या.

"त्या दिशी न्हाई दाखिवला," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "म्याडम, माही शेवटची फेरी झाली ती मला म्हाईतच न्हवती. रोजच्यासारखी गाडी लावली अन् घरी आलो. म्हाईत असतं तर जरा बगितलं तरी असतं रस्त्याकडं."

गेममध्ये डोळ्यांचा त्रास होत नाही का, असं काहीतरी मी विचारून बसले. ते हसले. म्हणाले, सरळ चांगलं दिसतं, फक्त बाजूचं दिसत नाही, आणि एवढ्याशा मोबाईलला बाजू असते कुठं?

बेलचं मात्र काकूंनी सांगितलं. पहिल्या दिवशी काकांनी गेममधली गाडी चालू केली आणि दहा मिनिटं नुसते बसून राहिले. पुढं जायला हातच होईना. काय पाहिजे म्हणून काकूंनी विचारलं तर म्हणाले, बेल. हातातला चहाचा पेला रिकामा करून काकूंनी तो वाजवला. तेव्हापासून भाकरी तव्यावर असली तरी त्या उठून येतात.

मी नाही म्हणायला गेले होते. निघताना म्हणाले, "रविवारी नऊला. मी येते." सिद्धोधनला कळवलं तेव्हा तो म्हणाला, "चालतंय. पर ताई, मंग रडू नका."

रविवारी मी क्लासमधला मोठा टॅब घेऊन गेले. काकांना नीट दिसावं, बघणाऱ्यांनाही चित्र स्वच्छ मिळावं. स्वतःच्या हुशारीवर मी खूश होते. काका खाकी शर्ट घालून, बिल्ला लावून बसले. काकूंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पेला मात्र तोच.

ठण ठण. नऊ वाजता परभणीहून गाडी सुटली.

सुरुवातीला दीडशे लोक बघत होते. झरी येईपर्यंत सत्तर उरले. कुणीतरी लिहिलं, 'काका झोपले का?' सिद्धोधनचा मला वेगळा निरोप आला, 'म्हणलो व्हतो.' मी काकांकडे पाहिलं. त्यांना या कशाचाच पत्ता नव्हता. ते रस्त्याकडे बघत होते, एकेका झाडाकडे, जणू पुन्हा बघायला मिळेल न मिळेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आकडे बघणारी मीच होते तिथं.

मग एक वेगळीच ओळ आली: 'आमच्या फाट्यावर थांबले बघा.' पाठोपाठ दुसरी: 'याच गाडीनं मी शाळेला जायचो.' कुणी दुबईहून विचारलं, पुढच्या वळणावरची रसवंती आहे का? होती, मी घातली होती. प्रत्येक थांब्यावर आता बघणारेच काकूंच्या आधी लिहू लागले, डबल बेल, डबल बेल. सत्तरचे दोनशे झाले, दोनशेचे चारशे.

बोरीच्या अलीकडे मी एक म्हैस ठेवली होती. तिचं कौतुक सांगायलाच हवं. रस्ता अगदी खरा वाटावा म्हणून तिची चाल जमवायला मला दोन दिवस लागले होते. ती कधीतरी डावीकडच्या बाभळीतून निघायची आणि आपल्या मालकीचा रस्ता असल्यासारखी पलीकडे जायची. त्या दिवशी ती निघाली. काका सरळ बघत होते. गाडीचा वेग तसाच.

ठण.

एकच बेल, म्हणजे थांब. काकांनी काय, कुठं, काहीही न विचारता ब्रेक दाबला. गाडी थांबली आणि म्हैस बंपरसमोरून हळूहळू पलीकडे गेली.

"काय व्हतं?" काकांनी विचारलं.

"म्हैस," काकू म्हणाल्या. "गेली."

काकांनी मान वळवून डावीकडं पाहिलं तेव्हा कुठं त्यांना बाभळी दिसल्या. मला तेव्हा कळलं. टॅबच्या डाव्या कडेचं त्यांना दिसतच नव्हतं. छोट्या मोबाईलवर निभावत होतं, मी मोठा टॅब आणून त्यांना पुन्हा बाजू दिली होती. आणि काकू इतके महिने त्यांच्या डाव्या हाताला का बसत होत्या, हेही कळलं. एकतीस वर्षांचा बिल्ला माझ्या म्हशीपायी जाता जाता राहिला. मला लाजही वाटली आणि त्या दोघांचा अभिमानही वाटला. कोणतं जास्त ते सांगता येत नाही.

"ताई," कॉलवर सिद्धोधनचा आवाज आला, जरा घोगरा, "मी असतो तर म्हैस गेली व्हती."

ठण ठण. गाडी पुढं निघाली. बोरीच्या स्टँडवर डाव्या बाजूच्या लिंबाखाली ती नेमकी थांबली. सव्वादहाला जिंतूर आलं. काकांनी गाडी मागं घेत फलाटाला लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. पडद्यावरच्या स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला. सहाशे बारा माणसं बघत होती.

"झाली," काका म्हणाले. डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "आता म्हाईत हाय, कवा झाली ते."

"शेवटची कामून?" काकू म्हणाल्या. "उद्या हाय की ड्युटी."

महिन्याभरात नवी आवृत्ती निघाली. वायपर आले, हॉर्न आला, दारात लटकणारे प्रवासीही आले. पण ग्रुपवर बोलणं एकाच गोष्टीचं होतं. सगळ्यांच्या आग्रहावरून मी त्यात बेल घातली होती, काकूंच्याच पेल्याची, त्यांच्या ओट्यावर बसून ध्वनिमुद्रित केलेली. आता परभणी ते जिंतूर रस्त्यावर कुणीही गाडी काढली की थांब्याथांब्याला तो पेला वाजतो. सिद्धोधनसुद्धा बेल झाल्याशिवाय निघत नाही. आदळतो अजून, पण निघताना बेल घेऊन. काकूंनी बचत गटात सांगून टाकलं, आमचा पेला दुबईत वाजायलाय. बायकांना आधी पटलं नाही, मग काकूंनी वाजवूनच दाखवला.

चार दिवसांनी काकांचा फोन आला. नव्या गेममध्ये बेलचा आवाज बंद कसा करायचा, ते विचारत होते.

माझा चेहरा पडला. आवाज आवडला नाही का, म्हणून मी विचारलं.

"आवाज लय झ्याक हाय," ते म्हणाले. "पर कंडक्टर हाय की माहा इथं बसलेला."

मी बटण कुठं आहे ते सांगितलं. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गाड्या काढल्या. सगळ्यांच्या मोबाईलवर बेल वाजली आणि सगळे सुटले. काकांची गाडी फलाटावर उभी होती. इंजिन चालू, दार बंद. कॉलवर मागं कुठंतरी भाकरी थापल्याचा आवाज येत होता. सिद्धोधननं वळणावर गाडी थांबवली, मीही थांबवली. कुणी काही विचारलं नाही. थापणं थांबलं, कुणीतरी हात धुतले, आणि ओट्यावर पावलं आली.

ठण ठण.