चवड्यांवरची नवरी

माझी बायको प्रियदर्शनी चित्रकार आहे, त्यामुळं आमच्या जळोचीच्या घरातून काहीही टाकून देता येत नाही. फाटकी मच्छरदाणी, उसाचं पाचट, कांद्याच्या जाळीदार पिशव्या, सगळं तिला चित्रात चिकटवायला लागतं. याला मिक्स मीडिया म्हणतात. म्हणजे रंगात घर कालवायचं, अशी माझी समजूत आहे.

यंदा तिला बॅलेनं झपाटलं. मोबाइलवर एक जुना रशियन बॅले बघितला आणि तिनं त्यावर चित्रांची मालिकाच काढली. पाचटाचं रान, मच्छरदाणीचे झगे आणि पायाच्या बोटांवर तोललेल्या पोरी. रविवारी बारामतीत प्रदर्शन होतं आणि सगळ्यात मोठं चित्र अडलं होतं. त्यातली नायिका उंच नायकासमोर हात वर करून उभी होती, पण तिला झगाच सापडत नव्हता. प्रियदर्शनी कापड चिकटवायची, ओरबाडून काढायची आणि माझ्यावर खेकसायची. "हेच नसलं तर बाकीची लावून काय करू?" म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मात्र माझी थट्टा बंद झाली.

अशात कळसहून आई-तात्या आले. आई, म्हणजे भागुबाई, उंचीनं माझ्या छातीला लागते. तात्या मात्र कपाळाला टेंगूळ आलं तरी चौकटीपुढं न वाकणारे.

आईनं कमरेवर हात ठेवून चित्र न्याहाळलं. नायिकेच्या अंगावर शेवटची पांढरी चिंधी अजून लोंबत होती.

"लगीन हाय व्हय?"

"नाही आई, नाच आहे," प्रियदर्शनी म्हणाली.

"मग ही हार घालतीया न्हवं? हार कुठाय?"

दुसरं कुणी पांढरं बघून विधवा म्हणालं असतं. आम्हा बौद्धांकडं नवरी पांढरंच नेसते, म्हणून आईला ती नवरी दिसली. मला हसू फुटलं.

"हसतुयास काय? तुझ्या बापाला हार घालताना मी अशीच चवड्यावर हुबी हुते. ह्येंच्या दोस्तांनी शिकवल्यालं, वाकू नगंस, न्हाय तर जलमभर वाकावं लागंल. ह्ये न्हाय वाकले! समदा मांडव हसला मला."

"जुनं काय उकरतीस," म्हणत तात्यांनी पेपरात तोंड घातलं.

दुसऱ्या दिवशी आई एसटीनं कळसला जाऊन आली. पिशवीत तिची लग्नाची साडी होती. दर उन्हाळ्यात साडीला ऊन दाखवताना ती आम्हाला बजावायची, "मेल्यावर माझ्या अंगावर हीच घाला." त्या साडीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

"आई, ही नको," प्रियदर्शनी घाबरली. "ही तुमची शेवटची..."

"माझ्यासंगं जळून काय हुनार तिचं? हितं लोकं तरी बगतील. घे कातर."

प्रियदर्शनीचा हात उचलेना. मग आईनंच काठ दातात धरला आणि साडी टर्रकन फाडली. सायीसारखं पिवळसर झालेलं ते कापड चित्रावर बसलं आणि नायिका एकदाची सजली. प्रियदर्शनी आईच्या गळ्यात पडून रडली. "रंग लागंल लुगड्याला," आई म्हणाली, पण तिला सोडलं नाही.

रविवारी आयोजकांनी प्रियदर्शनीला हार घातला. तिनं तो काढून आईच्या हातात दिला. "हार कुठाय म्हणालात ना?"

आई चित्राकडं बघत राहिली, मग तात्यांकडं.

"लोकं बघत्यात," तात्या पुटपुटले.

आईनं ऐकलं नाही. हार धरून तिनं टाचा उचलल्या. तोल जायला लागला तशी प्रियदर्शनीनं तिला मागून सावरलं. तात्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मान खाली घातली. पार आईच्या खांद्यापर्यंत.

"आता वाकताय व्हय?" आई म्हणाली, आणि टाचा न टेकवताच तिनं हार घातला.