आईच्या हातांवरचा आळ

माझा गहिनीनाथ दुष्काळाच्या आदल्या साली, एकाहत्तरला, पाथर्डीकडच्या माझ्या माहेरी जन्मला. पहिलं बाळंतपण माहेरचं. माझी आई, मालनबाई, गावातल्या बाळांना न्हाऊ घालायची. पाय पसरून बसायची, बाळ नडग्यांवर घ्यायची, न्हाऊन झालं की तळहातात तेल घेऊन टाळू भरायची आणि दोन्ही हातांनी डोकं हलकेच गोल वळायची. गावातली अर्धी पोरं तिच्याच हातची.

सासर राहुरीजवळ. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या, बनुबाई, माझ्या वडिलांची, आबांची, एकुलती बहीण. तिच्या सूर्यभानला मला दिली तेव्हा पोरगी घरातल्या घरात राहिली म्हणून सगळे खूश होते.

वर्ष झालं तरी गहिनीनाथचं टोपडं बदलावं लागलं नाही. अंगडी तोकडी होत गेली, टोपडं मात्र तेच. टाळू केव्हाच बुजली होती आणि कपाळ मागं उतरत होतं. हाक मारली तरी तो बघायचा नाही. एका सकाळी आत्यानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारणींसमोर म्हणाली, "वहिनीनं दाबून दाबून पोराचं डोस्कं आवळलं. आता मेंदूला वाढायला जागाच न्हाई ऱ्हायली."

"अगं बाई! सख्ख्या आजीनं?" एकीनं तोंडाला पदर लावला.

आई भेटायला आली तेव्हा तिनं बाळाला घ्यायला हात पुढं केले. मी त्याला पदराआड ओढलं. ती पाणीही न पिता गेली. आत्याचं बोलणं तिच्या गावात आधीच पोचलं होतं, तिच्याकडे बाळं येणं बंद झालं होतं. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जाते, एवढंच मग कानावर यायचं.

त्र्याहत्तरला आम्ही नवरा-बायको गहिनीनाथला घेऊन नगरला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शिंप्याकडे असते तसल्या फितीनं त्याचं डोकं मोजलं.

मी विचारलं, "न्हाऊ घालताना दाबल्यानं झालं का हे?"

"कुणी सांगितलं?" ते म्हणाले. "बाई, कवटी मेंदूच्या मागं मागं वाढते. आतून मेंदू वाढतो, तो हाडांना रेटतो. म्हणून तर बाळाच्या डोक्याची हाडं सुटी असतात, मधे टाळू असते. ह्याचा मेंदूच आतून वाढला नाही, मग कवटी कशासाठी वाढेल?"

भिंतीवर कवट्यांचं चित्र होतं. माकडाची, फार जुन्या काळच्या माणसाची, आणि आपली. त्यावर बोट फिरवत ते म्हणाले, "लाखो वर्षांत मेंदू मोठा होत गेला, तसं कपाळ वर आलं. गायीचं वासरू जन्मल्या दिवशी उभं राहतं. माणसाच्या पोराचा मेंदू मात्र जन्मल्यावरही कितीतरी वाढायचा असतो. ती वाढ हातानं थांबत नाही. तुमच्या आईचा ह्यात काही दोष नाही."

मला रडू आलं. तेवढ्यात हे डॉक्टरांना म्हणाले, "म्हंजी ह्यो चालाया लागंल, पर बोलायचा न्हाई. फिट येत्याल. व्हय ना?"

डॉक्टरांनी त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "हे कधीकधी घराण्यात चालत येतं. घरात आधी असं मूल होतं का?"

"न्हाई," हे म्हणाले.

एसटी स्टँडवर मी बाकावर बसले आणि गाडी लागली तरी उठले नाही. "फिटचं तुमाला कसं ठावं?"

त्यांनी पोराचं टोपडं सारखं केलं. "माझ्या पाठीवर मच्छिंद्र हुता. असाच. तवा आमी लांब वस्तीवर ऱ्हायचो, आईनं त्याला कुनाला दावला न्हाई. सात वरसांचा हून गेला. आईनं सांगितलं हुतं, बोलायचं न्हाई."

"आणि माझ्या आबांना?"

"मामानंच तर खांदा दिला त्याला."

मी राहुरीची गाडी सोडली आणि पोराला घेऊन पाथर्डीची धरली. ह्यांना या म्हटलं नाही, तेही आले नाहीत.

आई दाराशी ज्वारी पाखडत होती. आबा पलीकडे बाजेवर. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, डॉक्टरांचं आणि मच्छिंद्रचं. आईनं सूप खाली ठेवलं. माझ्याकडे नाही, आबांकडे पाहिलं.

"तुमाला ठावं हुतं?"

"बहिनीच्या घरातली गोष्ट," आबा म्हणाले. "चारचौघांत कशी काढायची?"

"पोरगी दिली तवा?"

"तिनं शबूद घेतला हुता. आन् वाटलं, परत्येक येळी काय तसं हुतंय."

"आन् गाव मला पोरांची डोस्की आवळनारी म्हनत हुतं तवा? मी खडी फोडायला जात हुते तवा?"

आबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

"बहिनीच्या घरातली गोष्ट," आई सावकाश म्हणाली. "आन् मी कुनाच्या घरातली हुते?"

आबा म्हणाले, "पोरगी लांबून आलीया. च्या टाक."

आई उठली नाही. मीही उठले नाही.