कुणी मागू नये अशी गाडी

गाडी घ्यायची तर अशी, की नवरदेवासाठी ती कुणी मागता कामा नये, एवढी एकच अट घेऊन रामकिसन जालना रोडवरच्या जुन्या गाड्यांच्या दलालाकडे गेला. दलालाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या मुलाकडे, इंद्रजीतकडे. इंद्रजीतने मान फिरवली.

रामकिसनचं तरी काय चुकत होतं? आधीची जीपगाडी होती तोवर फुलंब्रीच्या अख्ख्या भावकीचे नवरदेव तिच्यातूनच लग्नाला गेले. लग्नसराई आली की गाडी वरातीत आणि हा बिचारा सिटी बसमध्ये. गाडी परत यायची ती सीटवर हळद, एसीच्या फटीत अक्षता आणि बॉनेटवर चिकटपट्टीचे डाग घेऊन. तोंडावर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. म्हणून कुणाला मागावीशीच वाटू नये, अशी सोय त्याला करायची होती.

दलालाकडे एकाच अमेरिकन कंपनीच्या दोन डिक्कीवाल्या गाड्या होत्या. कंपनी इथून गाशा गुंडाळून गेली होती, गाड्या मागे राहिल्या होत्या. नवी होती ती लालभडक. पुढची जाळी इतकी रुंद, की गाडी जबडा वासून उभी आहे असं वाटावं, आणि दिवे वटारलेल्या डोळ्यांसारखे. जुनी राखाडी. ती पुढून पाहिली तरी मागून पाहिल्यासारखीच दिसायची. तिकडे अमेरिकेतही हाच तंटा आहे, असं दलालाने ऐकवलं. घरच्या गाडीने गुमान राहावं, असं काही जणांचं म्हणणं, आणि बाकीच्यांचं म्हणणं, पैसे मोजलेत तर चार लोकांत दिसू तरी द्या. इंद्रजीत लाल गाडीपासून हलेना. दलालालाही तीच खपवायची होती, म्हणून राखाडीबद्दल तो अगदी खरं बोलून गेला.

"काका, इसको तो कोई पलट के भी नै देखता."

"मग हीच द्या," रामकिसन म्हणाला.

गाडीने त्याच्या अपेक्षेपेक्षा जास्तच गुण दाखवला. गारखेड्यातल्या त्याच्या अपार्टमेंटचा वॉचमन रोज ती फाटकात अडवायचा आणि कुणाकडे जायचंय म्हणून विचारायचा. शेजारच्या सरिता मॅडम कितीतरी दिवस "गाडी कधी घेताय?" असं विचारत राहिल्या, तेही त्याच गाडीला टेकून. भाजी मंडईबाहेर तर खुद्द रामकिसन दुसऱ्याच कुणाच्या राखाडी गाडीला चावी लावत बसला होता. ही चोरीला गेली तर पोलिसांना वर्णन काय सांगायचं, असं इंद्रजीतने एकदा विचारून घेतलं. पण रामकिसन खूश होता. अख्खी लग्नसराई गेली, गाडीसाठी एक फोन आला नाही.

मग कृष्णाचं लग्न ठरलं. कृष्णा म्हणजे रामकिसनच्या थोरल्या बहिणीचा, द्वारकाबाईचा, एकुलता एक मुलगा. नवरी वैजापूरची, म्हणजे फुलंब्रीहून वऱ्हाड तिकडे जाणार. सख्ख्या भाच्याचं लग्न म्हटल्यावर आता काही गाडी सुटत नाही, हे रामकिसनने ओळखलं आणि क्लच गेल्याचं कारण तयार ठेवलं. आरशासमोर उभं राहून चेहरा पाडायची तालीमसुद्धा केली.

द्वारकाबाई पत्रिका घेऊन आली. जेवली, आहेर, मानपान, आचारी, सगळं बोलली. गाडीचं मात्र अवाक्षर नाही. वाट पाहून पाहून शेवटी रामकिसननेच क्लचचा विषय काढला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि दाखव मग मेकॅनिकला, एवढं म्हणून पदर खोचत उठली. चार-आठ दिवसांनी कळलं की नवरदेवाला साहेबरावची गाडी ठरली. हा साहेबराव म्हणजे फुलंब्रीत तिच्या घराशेजारचा खत-बियाण्यांचा दुकानदार, आणि गाडी म्हणजे जालना रोडवरची तीच लालभडक.

खरं तर रामकिसनचा जीव भांड्यात पडायला हवा होता. झालं उलटंच. त्याला अन्न गोड लागेना. सख्खा मामा धडधाकट असताना भाचा खतवाल्याच्या गाडीतून जाणार, आणि सगळी भावकी ते बघणार. त्याने हे गाऱ्हाणं बायकोला सांगितलं तेव्हा लीलाबाई कणीक मळत होती. ती इतकी हसली की मळायचे हात थांबले.

"अवं, तुम्हालाच तर नको व्हतं," ती म्हणाली.

लग्नाच्या दिवशी सकाळी रामकिसन गाडी धुऊन, पुसून फुलंब्रीत हजर झाला. बहिणीच्या दारात लाल गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती आणि पोरं तिच्यापुढे फोटो काढत होती. रामकिसनने आपली गाडी मुद्दाम तिच्या शेजारी नेऊन लावली. तेवढ्यात मांडवातून कुणीतरी ओरडलं, ही कुणाची गाडी आहे मधे, काढा ती. तेव्हा मात्र त्याला भरून आलं. तो तडक आत गेला. द्वारकाबाई शालूला पिना लावत होती.

"आक्का, क्लच ठीक हाय," तो म्हणाला. "बिघडलाच नव्हता कधी."

"ठावं हाय मला."

"मग मागितली का नाय गाडी?"

द्वारकाबाईने हातातली पिन खाली ठेवली. "मामाची गाडी मागत असत्यात व्हय रे, रामा? ती दारात यायची असती. तू आपणहून म्हणशील म्हणून लई वाट पाह्यली मी. पत्रिका द्यायला आले तवा बी थांबले. तू मला क्लच सांगितला. मग गेले साहेबरावाच्या दारी."

रामकिसनला तोंडात मारल्यासारखं झालं. नाही म्हणता यावं म्हणून तो बहिणीच्या मागण्याची वाट बघत बसला होता, आणि तिने मागितलं नाही म्हणून वर रुसलाही होता. इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

"आता त्या साहेबरावाला नाय म्हणता यायचं नाय," ती म्हणाली. "मी बसनं निघाले व्हते. गाडीत जागा असल तर बघ."

अशी वरमाय राखाडी गाडीत बसली. लाल गाडी दर गावाला फोटोसाठी थांबत राहिली, म्हणून वैजापूरच्या कार्यालयात पहिली पोचली ती हीच. बँडवाल्यांना लाल गाडी सांगितलेली. राखाडी गाडी अगदी त्यांच्या नाकासमोरून गेली, तरी ते तंबाखू मळत बसले. कार्यालयाच्या माणसाने न बघताच हाताने खूण केली, आचाऱ्याचं सामान मागच्या दाराने.

रामकिसनने तिथेच ब्रेक मारला. खाली उतरला, बहिणीच्या बाजूचं दार उघडलं आणि आवारातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बँडवाल्यांना म्हणाला, "वाजवा की. वरमाय आलीय. मी मामा हाय नवरदेवाचा, आन् ही गाडी माझी हाय."

बँडवाले धडपडत उठले. वाजायला लागलं, माणसं दाराशी गोळा झाली, तरी द्वारकाबाई लगेच उतरली नाही. ती आणखी थोडा वेळ भावाच्या गाडीत बसून राहिली.