वरात लवकर आली

माझ्या बहिणीचं लग्न आणि तिचा पेपर एकाच तारखेले आला.

लग्न आधी ठरलं होतं. पत्रिका वाटून झाल्या, प्रताप नगरातला हॉल बुक झाला, आणि मंग भरतीवाल्याईनं दोनदा पुढं ढकललेला पेपर उचलून बरोबर आमच्या तारखेवर आणून ठेवला. दुपारी दोनचा पेपर, दीडले गेट बंद. ज्युनिअर इंजिनिअरची ही भरती पाच वर्षानं निघाली होती. माझ्या बहिणीनं, प्रीतीनं, या भरतीसाठी चांगली चालू नोकरी सोडून अभ्यास केला होता.

बाबा म्हणाले, "पेपर सोड या वेळी. पुढच्या वेळी दे."

"पुढची वेळ कधी येते बाबा, मले नातू झाल्यावर?" प्रीती म्हणाली. "मले दोन्ही पायजे."

"एका दिवसात दोन्ही कसं होईन वं?"

"पियुषले विचारा. तो प्लॅनिंगवाला हाये ना."

पियुष म्हणजे मी. नागपूरच्या मिहानमध्ये एका ठेकेदाराकडं काम करतो. शेड उभा करायचा असला तं आधी काय, मंग काय, क्रेन कधी बोलवायची, हे मी ठरवतो. डिग्री नाई माझ्याकडं. मोबाईलवर व्हिडिओ पाहून शिकलो, बाकीचं साहेबाच्या शिव्या खाऊन.

मी आधी नवरदेवाले फोन लावला. धम्मानंद, कळमेश्वरचा. सगळं सांगतलं तं तो म्हणाला, "पेपर तिले द्यायचा हाये. मले काय, हार घालायचा हाये. मी कधी बी घालतो."

माणूस मले तिथंच पसंत पडला.

बाबाचं टेलरिंगचं दुकान हाये. तिथला कटिंगचा खाकी कागद फाडून आणला, घरच्या हॉलमधल्या भिंतीवर चिकटवला आणि त्याच्यावर अख्खं लग्न आखलं. डावीकडं कामं, वरतून घड्याळ, मधात आडव्या पट्ट्या. आई चष्मा लावून पाहे.

"ही लाल पट्टी कायची हाये रे?"

"हा क्रिटिकल पाथ, आई. हे पाय. लायटिंग लागाले उशीर झाला तं लग्न थांबते का?"

"नाई."

"नवरदेवाले उशीर झाला तं?"

"थांबते."

"मंग नवरदेव लाल. लायटिंग निळी. लाल कामात जेवढा उशीर, तेवढा अख्ख्या दिवसाले उशीर. निळ्या कामाले ढील असते, थोडं इकडं तिकडं झालं तं चालते. त्या ढिलीले फ्लोट म्हणते."

"तुह्या बाबाचं नाव कोणत्या रंगात हाये?"

बाबा तिथंच पेपर वाचून राहिले होते. चौदा एप्रिलचा सदरा बुद्धपौर्णिमेले शिवून देणारा माणूस.

लाल पट्टी अशी होती. वरात येणं, लग्न लागणं, भंतेजीचं जेवण, प्रीतीचं गेट. लग्न लावणारे भंतेजी बौद्ध भिक्खू, ते दुपारी बाराच्या नंतर अन्न घेत नाई, म्हणजे ते बी एक गेटच होतं. लग्न अकराले. वरातीचं नाचणं मी निळ्यात टाकलं. नाचण्यावाचून लग्न लागते. हे वाक्य मी घरात मोठ्यानं म्हटलं नाई.

आता आपल्याकडं पत्रिकेवर अकरा छापलं म्हणजे एक वाजते, हे लहान पोट्टंबी सांगते. म्हणून मी नवरदेवाच्या बापाले, नत्थूजीले, फोन करून सांगतलं, "मामाजी, नऊले या." मनात धरलं, नऊ म्हणजे अकरा. हा माझा बफर, उशिरासाठी राखून ठेवलेला टाइम. कोणाले सांगतला नाई. सांगतला तं लोक त्याच्यातबी आपला उशीर मोजते.

फक्त आईले सांगतलं. ती म्हणाली, "आणि खरंच नऊले आले तं?"

"आई, आजवर कोणती वरात टाइमावर आली?"

"नागपूरची नाई आली. हे कळमेश्वरचे हाये."

मी हसलो. आई नाई हसली.

लग्नाच्या दिवशी नऊच्या थोडं आधी मी हॉलवर गेलो. झाडू चालू होता. खुर्च्या एकावर एक चढवून ठेवल्या होत्या. मागं आचारी आलू सोलून राहिला होता. आणि गेटातून बस आत आली. मागं बँडची गाडी.

नत्थूजी उतरले. घड्याळ पाह्यलं. मंग रिकामा हॉल पाह्यला. मंग मले.

"जयभीम. नऊ वाजले."

नत्थूजी एमआयडीसीतल्या एका कंपनीत शिफ्ट इन्चार्ज हाये, हे मले माहीत होतं. भोंग्यावर जगणारा माणूस घरच्या लग्नातबी भोंग्यावर जगन, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"पोरीकडचे कुठी हाये?"

"येऊन राहिले, मामाजी."

"किती वाजता बोलावलं त्याईले?"

"अकरा."

"मंग आमाले नऊ काहून?"

"तुम्ही उशिरा यान म्हणून."

त्याईनं बसकडं बोट दाखवलं. "पाच वाजता उठवलं मी सगळ्याईले. पोट्टे आंघोळीच्या लायनीत भांडले. माह्या बायकोनं अर्धी वेणी बसमध्ये घातली." मंग एक खुर्ची स्वतः उतरवली, झटकली आणि बसले. "चाय सांगा."

मी प्रीतीले फोन लावला. "वरात आली."

"आत्ता? अबे, मी केस सुकवून राहिली."

"सुकव. आणि पुस्तक घेऊन बस. लग्न अकरालेच लागन, तुह्याकडं दोन घंटे हाये."

तिकडं पानं चाळल्याचा आवाज आला. मंग म्हणाली, "हाव का? मंग माहा पाण्याच्या टाकीचा चॅप्टर होऊन जाते." आणि फोन कापला. सकाळपासून एवढी खूश ती पहिल्यांदाच वाटली.

मले बी वाटलं, चला, बरंच झालं. लाल पट्टीतलं पहिलं काम दोन घंटे आधीच संपलं. साइटवर असं झालं तं साहेब समोसे मागवते.

पण साइटवर लोखंड लवकर आलं तं ते जाग्यावर पडून राहते. माणसं पडून राहत नाई.

दहाच्या आसपास पोट्टे तर्री पोहे खाले चौकात गेले. नत्थूजीची बायको, कौशल्याबाई, बाकी बायाईले घेऊन दोन गल्ल्या पलीकडं आपल्या बहिणीकडं गेली, वेणी पूर्ण कराले. नवरदेवाचा मामा पान शोधाले गेला. बसच्या ड्रायव्हरनं बस लॉक केली आणि तोबी पोह्याले गेला. बँडवाले सतरंजीवर झोपले. आणि मी आपला खुर्च्या मोजण्यात.

अकराले भंतेजी आले, कोणाच्या तरी स्कूटरवर मागं बसून, एकदम टाइमावर. प्रीती आली, पांढरी साडी, केसात फूल. दागिना एकही नाई, परीक्षेच्या सेंटरवर चालत नाई म्हणून. धम्मानंद स्टेजवर बसला होता. आमच्याकडचे बी आले होते, बाबासकट. माझ्या खाकी कागदानं निदान एवढं तरी केलं.

वरपक्षाच्या खुर्च्याईवर फक्त नत्थूजी.

"आमचे लोक कुठी हाये?" त्याईनं मले विचारलं. जसं काही मी गेटपास देले होते.

फोन लावले. बायाईचे फोन पर्समध्ये, पर्सा बसमध्ये, बसची चाबी पोह्याच्या ठेल्यावर. पोट्टे फोन उचलत नव्हते.

बाबा म्हणाले, "सुरू करा, येतीन ते."

"नवरदेवाची माय नाई आणि सुरू करा?" नत्थूजी म्हणाले. बरोबर होतं त्याईचं.

भंतेजी हळूच बोलले, "वाट पाहायची असेल तर पाहू. मी आधी भोजन करून घेतो, मग लग्न लावतो."

मी मनातच पट्टी सरकवून पाह्यली. जेवण, मंग लग्न, मंग फोटो, मंग हिंगणा रोडवरचं सेंटर. गेट गेलं. प्रीतीनंबी तोच हिशेब केला असन. तिनं केसातलं फूल काढलं, पाह्यलं, परत लावलं. तेच मले जड गेलं.

तेवढ्यात सतरंजीवर एक बँडवाला घोरला.

नाचणं निळ्यात टाकलं होतं मी. म्हणजे बँड बी निळ्यात. बिनकामाचा. पण बँड वाजला का लोक कुठून कुठून येते, हे तं आपण लहानपणापासून पाहतो. मी धोंडबाले हलवलं. धोंडबा म्हणजे बँडमास्तर, क्लॅरिनेट वाजवते.

"काका, उठा. पोहे, पान आणि बायका, तिघाईकडून एक चक्कर मारून यायचं हाये."

"आमी नवरदेवाच्या पुढं वाजवतो, भाऊ. रिकाम्या रस्त्यावर नाई वाजवत."

"मंग नवरदेव घ्या," धम्मानंद स्टेजवरून म्हणाला, आणि फेटा धरून खाली उतरला.

निघालो. मी पुढं, मंग बँड, मंग धम्मानंद, आणि बाजूले नत्थूजी, घड्याळ पाहत. चौकात पोह्याच्या ठेल्यावर पोट्ट्याईनं आवाज ऐकला आणि हातातल्या प्लेटासकट नाचाले लागले. तिथंच थांबून. हीच तं भीती होती. वरात एकदा एका जाग्यावर नाचाले लागली का चार वाजते.

"नाचा," मी ओरडलो, "पण चालत चालत."

"चालत चालत कोण नाचते बे?"

"मी सांगतो कोण नाचते," नत्थूजी मधात आले. "जो थांबन त्याचा खाडा. चला, पाय उचला."

आणि खरंच, अख्खी वरात पुढं सरकत सरकत नाचाले लागली. मामा पानठेल्यावरून तोंड लाल करून घुसला. ड्रायव्हर बी घुसला. दोन गल्ल्या पलीकडं कौशल्याबाई कपबशी हातात घेऊन दारात आल्या. वेणी अजून अर्धीच होती.

"लागलं का वं लग्न?" त्याईनं बहिणीले विचारलं.

"तुह्यावाचून कसं लागन? पोरगं घ्याले आलं तुले," नत्थूजी म्हणाले.

कौशल्याबाईनं कपबशी बहिणीच्या हातात देली आणि सगळ्याच्या पुढं जाऊन नाचाले लागल्या. चालत चालत.

लग्न लागलं. त्रिशरण, पंचशील, हार, फुलं. भंतेजीच्या ताटात बाराच्या आत वरण-भात पडला. मी ते ताट पाहूनच अर्धा जेवलो. आईनं प्रीतीच्या तोंडात उभ्या उभ्याच पुरी कोंबली.

सेंटरवर तिले वरातीची बस घेऊन गेली. नत्थूजीनं कोणाले उतरू देलं नाई. "आपली पोरगी पेपरले जाऊन राहिली, सगळेच जाऊ."

गेटवर प्रीतीनं गळ्यातला हार काढून धम्मानंदच्या गळ्यात टाकला. आता त्याच्या गळ्यात दोन. गार्डनं तिचे हात उलटे करून मेंदी तपासली.

"हे काय लिहलं हाये मॅडम?"

"नाव हाये नवऱ्याचं. सिलॅबसबाहेरचं हाये."

गार्ड हसला आणि सोडलं आत.

आमी रस्त्याच्या पलीकडं, झाडाखाली. तिथं बोर्ड होता, शांतता राखा. थोडा वेळ सगळे शांत बसले. मंग एका पोट्ट्यानं खांदे हलवले. दुसऱ्यानं कमर. धोंडबानं क्लॅरिनेट तोंडाले न लावता नुसती बोटं नाचवली, आणि पोट्टे त्याच्या बोटाईकडं पाहून नाचाले लागले. एक आवाज नाई. कौशल्याबाईची वेणी तिथंच आईनं पूर्ण केली.

पेपर सुटला. प्रीती बाहेर आली, साडीचा पदर खोचलेला, कपाळावर पेनाची रेघ. सगळे जाग्यावर थांबले.

"कसा गेला?" धम्मानंदनं विचारलं.

"सगळा सोडवला. टाकीचे तं तीन प्रश्न होते," ती म्हणाली. "सगळं दोनदा तपासलं, तरी टाइम उरला. मंग काय करावं सुचेचना. बसून राह्यली."

"लवकर झालं का असंच होते," नत्थूजी म्हणाले, आणि माझ्याकडं पाह्यलं. "काहून गा, प्लॅनिंगवाले? आता थांबून नाचलं तं चालते का?"

"कोपऱ्यापलीकडं जाऊ द्या, मामाजी," मी म्हटलं. "मंग किती बी वेळ."

ते खिशातून रुमाल काढत कोपऱ्याकडं निघाले. घड्याळ त्याईनं काढून कौशल्याबाईच्या हातात देलं होतं.