शर्वीची भूक बाहेर गेली तेव्हा

तापाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शर्वीच्या मानेतून एक बाई बाहेर आली. केसांच्या मुळाशी, जिथं प्रणिता रोज पावडर लावायची, तिथून ती अंगठ्याएवढी उतरली आणि फरशीला पाय टेकेपर्यंत पुरती बाईएवढी झाली. सुती साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिनं हातातली चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "खालून निरोप आलाय. स्वयंपाकघर बंद करायचंय."

"कुठून खालून?" प्रणितानं विचारलं. त्यांचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता.

"हिच्या अंगातून. आत भट्टी पेटलीय, सगळी माणसं तिकडं जुंपलीत. आता रांधायला, वाढायला, उष्टी काढायला माणूस कुठून आणू मी?"

प्रणिता बी.एस्सी. झालेली होती आणि चार वर्षांच्या मुलीची आई होती. दर दोन तासांनी ती वहीत ताप लिहीत होती. आकड्यांच्या वर डॉक्टरांचं वाक्य होतं: पाणी पाजत राहा, खाण्याची जबरदस्ती नको. त्या वाक्याखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या आणि तरी कालपासून तीनदा मऊ भात केला होता.

बाईनं स्वयंपाकघराला हात लावला आणि भरलेलं कपाट सरकवावं तसं ते मागं सरकवलं. पॅसेज लांबला. मग येऊन तिनं शर्वीच्या दोन्ही पायांवर एकेक वजन ठेवलं, वाण्याच्या तराजूत असतं तसलं. ती वजनं कातडीत हळूहळू बुडून गेली.

"अहो, उठून खेळायची कशी ती?"

"खेळू नये म्हणूनच ठेवलंय."

प्रणिता भात आणायला निघाली. जाताना पॅसेजच्या मध्यावरच तिला तहान लागली. परत येईपर्यंत भात गार झाला होता आणि वरचं तूप थिजलं होतं. शर्वीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

"एकच घास. चिऊचा."

"चिऊला पण नकोय."

चपलांच्या कपाटापाशी शर्वीची भूक बसली होती. शर्वीएवढीच, शर्वीच्याच पिवळ्या फ्रॉकमध्ये, फक्त पोट पाठीला लागलेलं. डाव्या पायात उजवी सँडल घालत होती.

"हिला नेते बरोबर," बाई म्हणाली. "इथं राहिली तर पोरीला झोपू द्यायची नाही."

दारात भूक वळली आणि शिकवल्यासारखं नीट म्हणाली, "आई, येते हं."

प्रणिताच्या एका हातात चमचा होता, दुसऱ्यात शर्वीची हनुवटी. मान वर न करता ती म्हणाली, "हो, जा."

बाई उंबऱ्यात थांबली. "काय म्हणालात?"

"ये. ये म्हणाले."

"त्याआधी."

बाईनं चिठ्ठीच्या मागं पेन्सिलीनं एकच अक्षर लिहिलं आणि भुकेचा हात धरून जिना उतरली.

प्रणितानं आईला फोन केला.

"जा म्हणालीस?" आई म्हणाली. "निघालेल्याला जा म्हणतं का कुणी? एवढी शिकलीस, वह्या भरतेस."

"चुकून गेलं तोंडातून."

"तोंडातून गेलेलंच जातं बाई. एरवी दोन दिवस लंघन झालं की भूक आपणहून दार वाजवते. आता तुलाच आणायला जावं लागेल."

"कुठं?"

"ते मी काय सांगू? भूक तुझ्या लेकीची."

पुढचे दोन दिवस पॅसेज जेवढा लांबत गेला तेवढी झोपायची खोली आखडत गेली. कपाट भिंतीत गेलं. खिडकी वहीएवढी झाली. शेवटी पलंग, पाण्याचा पेला आणि मांडी घालून बसलेली प्रणिता, एवढंच मावत होतं. शर्वी पाणी प्यायची आणि झोपायची. आकडे उतरू लागले. चौथ्या दिवशी दुपारी तिच्या कपाळावर घाम फुटला आणि बाई परत आली. तिनं स्वयंपाकघर ओढून जागेवर आणलं, पायांतली वजनं उपसून पिशवीत टाकली.

"झालं. खालची माणसं मोकळी झाली."

"आणि भूक?"

"जिन्यात बसलीय. म्हणते, आई जा म्हणाली."

"तुम्ही आणा ना तिला वर."

"मी निरोपाची माणूस. मनधरणी माझ्याकडं नाही."

शर्वी उठून बसली होती. अंग गार, डोळे स्वच्छ. समोरच्या ताटलीकडं ती बघत होती.

"आई, हे काय आहे?"

"भात."

"कशाला असतो?"

प्रणितानं वाटीत गरम भात घेतला, तूप सोडलं आणि दार उघडलं. भूक दोन जिने खाली पाठमोरी बसली होती. प्रणिता तिच्यापाशी उतरली.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "चल घरी."

भूक वळली. तिनं चमचा बघितला आणि तोंड उघडलं. आत दात नव्हते, जीभ नव्हती. भाताची वाफ सरळ तिकडं ओढली जात होती.

प्रणितानं चमचा पुढं केला तेवढ्यात वरच्या कठड्यावरून बाई म्हणाली, "देऊ नका हं. घास दिला की भूक मरते."

प्रणितानं हात मागं घेतला. भूक एक पायरी चढली. प्रणिता एक पायरी उलटी वर गेली, चमचा तसाच समोर धरून. भूक आणखी एक पायरी चढली. असं करत एक जिना संपला, दुसरा संपला, आणि त्याच्या वर आणखी एक होता, जो त्यांच्या इमारतीला नव्हता. वाफ विरळ होत चालली होती. भुकेची बोटं चमच्यापासून वीतभर लांब होती.

"आई," वरून शर्वीचा आवाज आला, "तू कुणाशी खेळतेयस?"

प्रणिता बोलली असती तर हात हलला असता. तिनं टाच मागं नेली आणि पायरी चाचपली.